चालता वाडा

दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात. पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागलेला असतो. अशा वेळी वरंधा किंवा कुंभार्ली घाटाच्या रस्त्याने जाणारी मोटार एकाएकी थांबते. समोरचा सारा रस्ता मेंढरांनी भरून गेलेला असतो. काळी, करडी, पांढुरकी शेकडो मेंढरे माना खाली घालून, अंगाला अंग घाशीत, संथपणे चाललेली असतात. त्यांच्या पुढे, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी असलेला एक मेंढपाळ लांब लांब पावले टाकीत असतो. मागून घोड्यांची रांग येते. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरुणे, पिठाच्या पिशव्या आणि बांधलेली कोंबडी असतात. आणि या साऱ्या ओझ्याच्या वर एखादे लहानगे मूल ऐटीत बसलेले असते. त्याच्या शेजारच्या पाटीतून चार दिवसांपूर्वी जन्मलेले कोकरू डोके बाहेर काढून जगाकडे पाहत असते.

मोटारीतील माणसे भोंगा वाजवितात. कोणी कुरकुरतो, "हे लोक सारखे हिंडत का असतात? यांना घरदार नाही काय?"

प्रश्न रागाने विचारलेला असला, तरी तो विचार करण्यासारखा आहे. हे लोक कोण? ते कोठून येतात, कोठे जातात? आणि एवढ्या बायकामुलांना घेऊन दरवर्षी शेकडो मैल चालण्याचे कष्ट ते का सोसतात?

हे मेंढपाळ धनगर आहेत. धनगर समाज मोठा आहे. त्यातील बहुसंख्य लोक आज शेती, व्यापार, नोकरी असे निरनिराळे व्यवसाय करितात. सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे गवळी धनगर म्हशी पाळतात. पण माण, खटाव, फलटण, बारामती, पुरंदर, पारनेर अशा कोरड्या तालुक्यांतील काही कुटुंबे अजूनही मेंढ्यांच्या कळपांवर जगतात. हीच कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर घर सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात.

त्यांच्या या प्रवासाचे कारण समजून घ्यावयाचे असेल, तर महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवावा. अरबी समुद्राला समांतर अशी सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. समुद्रावरून येणारे पावसाळी ढग या रांगेवर अडतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच ओततात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यात मात्र तो जेमतेम ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे पाण्याचे लोंढे आणि दुसरीकडे पाण्यासाठी आकाशाकडे लागलेले डोळे!

कोणी म्हणेल, की मग धनगरांनी कायमचेच कोकणात जाऊन राहावे. तेथे चारा आहे, पाणी आहे. परंतु मेंढीला ते मानवत नाही. आपल्या पठारावरची दख्खनी मेंढी काटक असते. ती उन्हात चालते, निकृष्ट चाऱ्यावर गुजराण करते, पाण्यावाचून बराच वेळ तग धरते. पण सततचा पाऊस आणि चिखल तिला सोसत नाही. ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात, अंगावरची लोकर भिजून जड होते आणि तिला नाना रोग जडतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने तिला कोरड्या माळावरच ठेवावे लागते. त्या दिवसांत थोड्याशा पावसानेही माळरान हिरवे होते आणि मेंढरांना कोवळे गवत मिळते.

पुढे पाऊस सरतो. माळावरचे गवत वाळते, ओढे आटतात. अशा वेळी घाटाखाली काय चाललेले असते? कोकणातील भाताची कापणी नुकतीच आटोपलेली असते. खाचरे मोकळी झालेली असतात. पावसाने पोसलेले डोंगरउतारावरचे गवत आणि झाडपाला अजून शिल्लक असतो. जमीन वाळलेली असल्यामुळे खुरांना भय नसते. तेव्हा धनगर घाट उतरतो. पुढे उन्हाळा तापतो, वळवाचे ढग जमू लागतात, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर गाठण्यासाठी तो पुन्हा घाट चढू लागतो. सगळेच कळप कोकणात जातात असे नाही. कोणी दक्षिणेस कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या बाजूस जातात, कोणी पूर्वेकडची वाट धरतात. वाटा वेगळ्या असल्या, तरी हिशेब एकच: जेथे ज्या वेळी चारा असेल, तेथे त्या वेळी जावयाचे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपण ज्याला भटकणे म्हणतो, ते मुळात भटकणे नव्हेच. भटकणाऱ्याला आज येथे तर उद्या कोठे, हे ठाऊक नसते. धनगराला आपली वाट ठाऊक असते. कोणत्या महिन्यात कोणत्या गावाच्या शिवारात पोहोचावयाचे, कोठल्या ओढ्याला माघापर्यंत पाणी असते, कोणत्या रानातील कोणता पाला मेंढराने खाल्ल्यास ते फुगून मरते, हे सारे त्याला पाठ असते. शेतकऱ्याचे पंचांग जसे पेरणी आणि कापणी यांचे, तसे धनगराचे पंचांग मुक्काम आणि वाट यांचे असते.

या प्रवासात धनगर एकटा नसतो. नात्यागोत्यातील काही कुटुंबे एकत्र निघतात. अशा फिरत्या वस्तीला 'वाडा' असे म्हणतात. वाडा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे दगडी चौथरा, मोठा दिंडी दरवाजा आणि चौक असलेली भक्कम इमारत उभी राहते. धनगरांच्या वाड्याला भिंती नसतात, छप्पर नसते. तरीही तो वाडाच. कारण वाडा शेवटी माणसांचा असतो, दगडांचा नव्हे.

वाड्यातील प्रत्येकाचे काम ठरलेले असते. वाड्यातील एखादा जाणता पुरुष आधी पुढे जाऊन चारा, पाणी आणि शेत यांची चौकशी करून येतो. तरुण माणसे मेंढरे घेऊन रानारानाने चरत चरत जातात. बायका सामानाने घोडी लादतात आणि लहान मुले, म्हातारी माणसे, कोंबड्या, कोकरे यांना घेऊन सरळ वाटेने पुढल्या मुक्कामाला पोहोचतात. तेथे तीन दगडांची चूल मांडावयाची, लांबून पाणी आणावयाचे, सरपण गोळा करावयाचे, भाकरी थापावयाच्या, नवजात कोकरांची निगा राखावयाची, ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. दिवस मावळला, की मेंढरे येऊन पोहोचतात. त्यांच्याभोवती जाळ्याचे कुंपण उभारले जाते. या जाळ्याला 'वाघर' म्हणतात. सकाळी मुक्काम हलला, की हीच वाघर गुंडाळून घोड्यावर चढते. अनेकदा दुसऱ्याच दिवशी, फार तर दोन-चार दिवसांनी, सारा संसार पुन्हा उचलावयाचा असतो. त्यामुळे जे घोड्यावर मावेल तेवढेच घरात ठेवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता पडून गेला आहे.

संध्याकाळचा देखावा पाहण्यासारखा असतो. दिवसभर मुक्कामावर कोंडून ठेवलेली कोकरे सोडली जातात. शेकडो मेंढ्या एकदम ओरडू लागतात, कोकरे त्यांना साद देत धावतात. परक्या माणसाला सगळी मेंढरे सारखीच दिसतात. पण वाड्यातील दहा-बारा वर्षांची मुलगी एखादे चुकलेले कोकरू अचूक उचलते आणि त्याच्या आईपाशी नेऊन सोडते. प्रत्येक मेंढी तिला चेहऱ्याने ठाऊक असते. रात्री कुत्री जागी राहतात, कारण पठारावरचे लांडगे अशा कळपांच्या मागावर असतात. माणसे घोंगडीवर निजतात आणि घोंगडीच पांघरतात. उन्हात तीच घोंगडी सावली होते, पावसात तिची खोळ होते. मेंढीच्या अंगावरून कातरलेल्या लोकरीचे सूत काढून सणगर विणकर तिला हातमागावर विणतो आणि सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतो.

आता आणखी एक प्रश्न उरतो. एवढे मोठे कळप दुसऱ्याच्या गावात जातात, दुसऱ्याच्या शेतात उतरतात. गावकरी त्यांना येऊ कसे देतात? येऊ देणे तर राहोच, कित्येक शेतकरी वाड्याची वाट पाहत असतात! धनगर शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात रात्री मेंढ्या बसवितो. दिवसभर डोंगरावर आणि पडीक रानात चरलेली मेंढरे रात्रभर त्या शेतात बसतात. त्यांच्या लेंड्या आणि मूत्र तेथेच मातीत मुरतात. म्हणजे जे गवत कोणाच्या उपयोगाचे नव्हते, त्याचे खत होऊन ते शेतकऱ्याच्या दाराशी आपल्या पायांनी चालत येते. गाडी नको, बैल नकोत, उकिरडा उपसावयास नको. कोकणातील मुसळधार पावसाने जमिनीचा कस धुऊन जातो. तेथे या खताचे मोल विशेष. पूर्वी मेंढ्या बसविण्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे; आता बहुधा पैसे मिळतात. धनगर त्याच गावांत वर्षानुवर्षे जात असल्यामुळे काही घरांशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऋणानुबंध जडलेला असतो. स्थिर शेतकरी आणि फिरता मेंढपाळ हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाच गाडीची ती दोन चाके आहेत.

शिवाय धनगराला घरदार नाही, हेही खरे नव्हे. पठारावर त्याचे गाव असते. तेथे घर असते, बहुधा थोडी जिराईत जमीनही असते. पावसाळ्यात तो बाजरी पेरतो. गावात म्हातारे आईवडील राहतात, सोयरीक जुळते, जत्रा भरते. आरेवाडीचा बिरोबा, वीरचा म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा ही धनगरांची दैवते. खंडोबाची दुसरी राणी बाणाई ही धनगराची लेक असल्याचे लोककथा सांगते, आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष देवाने मेंढरे राखली असे तिच्या गाण्यांतून वर्णिले जाते. जेजुरीला दोन देवस्थाने आहेत: उंच डोंगरावरचे जुने कडेपठार आणि खालच्या टेकडीवरचा गड. म्हाताऱ्या भक्ताला डोंगर चढवेना, तेव्हा देवच खाली उतरून आला, अशी कथा आहे. धनगरांचे देवही असे भक्तासाठी वाट चालणारे आहेत. या देवांच्या कथा धनगर रात्र रात्र ओव्यांतून गातात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रात राहून, धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडून या ओव्या गोळा केल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांच्या मुखातील हे धन जगापुढे ठेवले.

माणसाचा इतिहास पाहिला, तर वसणे आणि फिरणे यांत आपण समजतो तेवढी मोठी भिंत नाही, असे आढळते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची भरभराटलेली वस्ती होती. लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत, धान्य साठवीत, शेताला पाणी देण्यासाठी पाट बांधीत. पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटले. वरच्या थरांत मोठ्या चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आढळू लागल्या. पाऊसमान कमी झाल्यामुळे शेती बेभरवशाची झाली आणि लोक गुरे-मेंढरे घेऊन वर्षाचा काही काळ फिरू लागले, असे उत्खनन करणाऱ्यांनी अनुमान काढले. म्हणजे आधी सारेच भटके होते आणि मग हळूहळू सारे शहाणे होऊन वसले, एवढी ही गोष्ट सरळ नाही. पाऊस हटला की वसलेली माणसे चालू लागतात, आणि पाय टेकण्याजोगी जागा मिळाली की चालणारी माणसे वसतात.

याच्या उलट उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. नीरा नदीकाठच्या होळ गावच्या एका मेंढपाळ धनगर कुटुंबात १६९३ साली मल्हारराव जन्मले. पुढे ते शिपाईगिरी करू लागले, पेशव्यांचे मोठे सरदार झाले आणि माळव्यात होळकरांचे राज्य उभे राहिले. त्यांची सून अहिल्याबाई हिने माहेश्वरी राहून प्रजेचे पालन केले आणि भारतभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधिल्या. वाट चालणाऱ्यांच्या कुळात आलेल्या या राणीने प्रवाशांसाठी एवढी विसाव्याची स्थाने उभारावी, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

मात्र गेल्या दीडशे वर्षांत वाड्याची वाट अवघड होत गेली आहे. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला. त्यानुसार पुष्कळ राने राखीव झाली आणि तेथील चराईवर बंधने आली. जंगल राखणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण शतकानुशतके त्या रानांतून जाणाऱ्या माणसाचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या खोऱ्यात कालवे आले. कोरडवाहू जमिनीत ऊस डोलू लागला. शेतकऱ्याचे दैन्य फिटले. पण जी शेते वर्षाचे सहा महिने मोकळी पडत, ती आता बारा महिने पिकाखाली राहू लागली. गायराने आक्रसली. माळांवर कारखाने, घरे आणि तारांची कुंपणे उभी राहिली. जुन्या पायवाटांवर रुंद सडका झाल्या आणि त्यांवरून भरधाव वाहने धावू लागली. एका वाहनाच्या धडकेत वर्षभराची कमाई क्षणात रस्त्यावर पडते. गोणीतले रासायनिक खत मिळू लागल्यावर लेंडीखताची गरज काही ठिकाणी कमी झाली. घोंगडीची जागा यंत्रावरच्या स्वस्त चादरींनी घेतल्यामुळे लोकरीला भाव उरला नाही. आज कळपाचे उत्पन्न मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या जनावरांवर अवलंबून आहे.

मग या लोकांनी फिरणे सोडून एका जागी का वसू नये? पुष्कळांनी तसे केलेही आहे. कोणी विहीर पाडून बागायत करितो. कोणी मोजकी मेंढरे घरीच चारा घालून पाळतो. थोड्या मेंढ्यांत अधिक कोकरे मिळावी, यासाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणाऱ्या मेंढ्यांची नवी पैदास सिद्ध केली आहे. पण ज्याला पाणी नाही, पुरेशी जमीन नाही, त्याने शे-दोनशे मेंढरे एका जागी बांधून काय घालावे? माळ एकच महिना पुरेल. दुसऱ्या महिन्यात गवताची मुळेही उरणार नाहीत. कळप हलतो, म्हणूनच त्याच्यामागे गवत पुन्हा उगवते. फिरणे ही येथे हौस नव्हे. जमिनीला विश्रांती देण्याची ती रीत आहे.

ही गोष्ट विसरल्याने काय अनर्थ ओढवतो, हे जगाने एकदा पाहिले आहे. मध्य आशियातील कझाकस्तानात विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. तेथील कझाक लोक मेंढरे, घोडे आणि उंट घेऊन ऋतूंप्रमाणे फिरत असत. तो देश सोव्हिएत राज्याचा भाग असताना सरकारने त्यांची जनावरे काढून घेतली आणि त्यांना बळजबरीने एका जागी वसविण्यास आरंभ केला. कळप नष्ट झाले, शेती पिकली नाही, आणि १९३० ते १९३३ या काळातील भीषण दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वसणे ही गोष्ट वाईट नव्हती. पण ती ज्यांच्यासाठी होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. अलीकडे जगाची दृष्टी पालटू लागली आहे. युरोपातील काही देशांत ऋतूंप्रमाणे कळप नेण्याच्या परंपरेला २०१९ साली युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो तुमच्या वयाच्या मुलांचा आहे. शाळा जूनमध्ये भरते. वाड्यावरची मुलगी चार महिने गावच्या शाळेत जाते, अक्षरे गिरवते, पाढे पाठ करते. दिवाळी येते आणि घोडी लादली जातात. आता तिने काय करावे? आईबापांबरोबर जावे, तर शाळा सुटते. शाळेसाठी गावात राहावे, तर सहा-सात महिने आईचे तोंड दिसत नाही. काही मुले आजीपाशी राहून शिकतात. काही आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जातात. पण घरात हात कमी पडले, की पुष्कळदा मुलींचीच शाळा आधी बंद होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, असा कायदा आपल्या देशाने २००९ साली केला. तो हक्क घोड्याच्या पाठीवरून जाणाऱ्या मुलीलाही आहे. वाटेवरच्या गावांतील शाळांनी तिला चार दिवसांसाठी का होईना, आपल्या वर्गात बसवून घेतले, तर तिची अक्षरे पुसली जाणार नाहीत.

आणि तीही रिकाम्या हाताने वर्गात येणार नाही. शेकडो मेंढरांत चुकलेले एक कोकरू ओळखणारी नजर, पायांखालच्या गवताची पारख, ढगांवरून पावसाचा अंदाज घेण्याची हुशारी, ही विद्या तिच्यापाशी आहे. ती कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही. तिला अक्षरांची जोड मिळाली, तर उद्या ती पशुवैद्य होईल, शिक्षिका होईल किंवा अधिक चांगली मेंढपाळ होईल. वसावे की चालावे, हे मग तिचे तिने ठरवावे. शिक्षण नाही म्हणून चालावे लागू नये, आणि वाट बंद झाली म्हणून थांबावेही लागू नये.

पुढल्या वेळी रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला आणि तुमची मोटार थांबली, तर क्षणभर खिडकीतून बाहेर पाहा. ती माणसे वाट चुकलेली नाहीत. ती आपल्या वेळेवर, आपल्या वाटेने चालली आहेत. घोड्यावर बसलेल्या त्या लहानग्याला हात करा. जेष्ठाचे ढग दाटून येतील, तेव्हा तोही तुमच्यासारखाच आपल्या घरी परतणार आहे.

स्वाध्याय

१. मेंढपाळ धनगर पावसाळ्यात कोकणात का राहत नाहीत?

२. 'वाडा शेवटी माणसांचा असतो, दगडांचा नव्हे,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. शेतकरी आणि मेंढपाळ यांना लेखकाने एका गाडीची दोन चाके का म्हटले आहे?

४. इनामगावच्या उत्खननावरून कोणती गोष्ट कळून येते?

५. तुमच्या वर्गात वाड्यावरची एखादी मुलगी चार दिवसांसाठी आली, तर तुम्ही तिला काय शिकवाल आणि तिच्याकडून काय शिकाल, ते दहा ओळींत लिहा.